एका शब्दाची कुळकथा

माणसांना जशी कुळे असतात, तशी शब्दांनाही असतात. उत्तर युरोपातील आइसलंड आणि नॉर्वे या देशांतील एका लहानशा शब्दाची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. आइसलंडमध्ये त्याचा उच्चार 'थिंग' असा करतात, तर नॉर्वेमध्ये 'तिंग' असा.

या शब्दाचा प्राचीन अर्थ सभा. इसवी सनाच्या नवव्या शतकात नॉर्वेतील अनेक कुटुंबे समुद्र ओलांडून आइसलंडमध्ये जाऊन राहिली. तेथे राजा नव्हता. मग तंटे कोणी मिटवावेत? कायदे कोणी करावेत? यासाठी इ. स. ९३० च्या सुमारास त्यांनी 'अल्थिंगी', म्हणजे सर्व देशाची सभा, स्थापन केली. ती दर उन्हाळ्यात थिंगवेत्लिर येथे उघड्या आकाशाखाली भरे. थिंगवेत्लिर म्हणजे 'सभेची मैदाने'. त्या काळी कायदे लिहून ठेवलेले नव्हते. म्हणून एक अधिकारी दरवर्षी त्यांचा तिसरा हिस्सा सर्वांसमक्ष तोंडपाठ म्हणून दाखवी. अशा रीतीने तीन वर्षांत सारे कायदे लोकांच्या कानी पडत.

पुढे या शब्दाचा अर्थ हळूहळू पालटला. प्रथम सभा, मग सभेत चर्चिलेला विषय, मग कोणतीही बाब आणि अखेरीस कोणतीही वस्तू! नॉर्वेच्या भाषेत आज दोन्ही अर्थ नांदतात. हा शब्द पुल्लिंगी असला की सामान्यतः वस्तू, आणि नपुंसकलिंगी असला की सभा. इंग्रजीत मात्र 'थिंग' म्हणजे केवळ वस्तू किंवा बाब. सभा हा अर्थ तेथे लोपला.

याचे नवल वाटते ना? मग आपला 'गोष्ट' हा शब्द पाहा. तो संस्कृत 'गोष्ठी' या शब्दापासून आला. गोष्ठी म्हणजेही सभा, संभाषण! आज मात्र आपण 'ही गोष्ट खरी' असे सहज म्हणतो. एकमेकांपासून इतक्या दूरच्या या दोन शब्दांनी एकच वाट चालावी, ही मौजेची गोष्ट नव्हे काय?

इ. स. १८०० मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली अल्थिंगी बंद पडली. सभा गेली, पण शब्द लोकांच्या ओठी राहिला. १८४५ साली सभा पुन्हा भरली, ती त्याच नावाने. पुढे १७ जून १९४४ रोजी आइसलंड प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली, ती थिंगवेत्लिर येथेच. नॉर्वेची संसदही 'स्टोर्टिंग', म्हणजे मोठी सभा, याच नावाने ओळखली जाते.

शब्द जतन करणे म्हणजे कधी कधी हक्काची आठवण जतन करणे होय.