कोऱ्या कागदावरची पहिली नोंद

डोंबिवलीतील एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा गेल्या महिन्यात एक कागद घेऊन माझ्याकडे आला. वय २१, वाणिज्य शाखेची पदवी नुकतीच हाती आलेली, सकाळी दुकान उघडण्याची जबाबदारी अंगावर आणि मनात मात्र अभिनय. वडिलांनी एका वर्षाची मुदत दिली होती. त्यानंतर गादीवर बसायचे. कागदावर बारावीचे गुण होते, क्रिकेटची आवड होती आणि खाली तीन मालिकांची नावे होती. चौकशी केली तेव्हा कळले, की दोन मालिकांत तो गर्दीत उभा होता आणि तिसरीत तेवढेही नाही.

‘काका, कागद अगदीच रिकामा दिसत होता,’ तो म्हणाला.

मी त्याला एवढेच विचारले, की दुकानाच्या रोजमेळात न झालेली विक्री कधी जमेला धरली आहेस का? खोट्या नोंदीचे पितळ इथे तर फारच लवकर उघडे पडते. कलाकार निवडणारी व्यक्ती दिग्दर्शकाला एक दूरध्वनी करते आणि विषय संपतो. रिकामा कागद हा नवख्याचा दोष नव्हे, त्याची केवळ स्थिती आहे.

व्ही. शांताराम यांचे वडील जैन होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मुलगा लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत गेला आणि पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करू लागला. पडद्यावर त्याला पहिली संधी मिळाली ती १९२१ सालच्या ‘सुरेखा हरण’ या मूकपटात. तोवरची त्याची सारी कमाई म्हणजे हरकाम्याचा अनुभव.

आता कागदाविषयी. तो एका पानाचाच असावा. नाव, उंची, कोणत्या वयाची भूमिका शोभेल ते, संपर्क आणि सोबत दोन साधी छायाचित्रे : एक चेहऱ्याचे, एक पूर्ण उंचीचे. रंगरंगोटी नको, प्रत्यक्ष दारात उभा राहणारा माणूस छायाचित्रातल्यासारखाच दिसला पाहिजे. घरचा पत्ता व परीक्षेतील गुण यांची तेथे कोणाला गरज नसते. गरज असते ती भाषांची. आपल्या मुलांना मारवाडी, गुजराती किंवा कच्छी घरातून, मराठी गल्लीतून आणि हिंदी बाजारातून मिळते. ही श्रीमंती आपण लिहीतच नाही! या मुलाला चार भाषा अस्खलित येत होत्या आणि कागदावर त्यांचा उल्लेखही नव्हता. पोहणे, दुचाकी चालवणे, तबला, जे खरोखर येते ते लिहावे. पर्युषणातील कार्यक्रमात केलेली भूमिकाही आरंभी अवश्य लिहावी. पुढे मोठ्या नोंदी आल्या की ती आपोआप गळते.

अनुभवाची प्रत्येक नोंद एका ओळीची असावी : नाटक, भूमिका, दिग्दर्शक, संस्था, वर्ष. या ओळी मिळवण्यासाठी लगेच अंधेरी गाठण्याचे कारण नाही. ठाण्यात किरण नाकती यांनी २०११ साली सुरू केलेला अभिनय कट्टा आहे. गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांच्या आसपास हौशी नाट्यसंस्थांचा राबता असतो. शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघांना तालमीला वेळेवर येणारा माणूस हवाच असतो. महाविद्यालयात असणाऱ्यांना एकांकिका स्पर्धा व विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. आरंभी प्रॉम्प्टिंग करावे लागेल, नेपथ्य उचलावे लागेल. तेही लिहावे, पण अभिनयाच्या रकान्यात नव्हे.

ऑडिशनची वेळ आली, की मध्य रेल्वेने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने वर्सोवा. येण्याजाण्यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणून दुकानाच्या वेळा घरी आधीच बोलून ठरवाव्यात. रात्रीचे चित्रीकरण, आहाराचे नियम, नाकारावयाच्या भूमिका यांचाही विचार स्वतःशी आधीच झालेला बरा. हे कागदावर लिहू नये, पण काम स्वीकारण्यापूर्वी तोंडी स्पष्ट सांगावे.

आणि पैसे. या मुलाने छायाचित्रसंच व ‘कार्ड’ यांसाठी एका कार्यालयात तीस हजार रुपये भरले होते. महिन्याभरात त्या दाराला कुलूप लागले. वडिलांना त्याने हे अजून सांगितलेले नव्हते, आणि खरे तर तो माझ्याकडे आला होता तो या ओझ्यामुळेच. भूमिका देण्यासाठी खरा निवडकर्ता पैसे मागत नाही. शिक्षणाचे शुल्क वेगळे. तेथे पावती मिळते, शिकवणारा समोर असतो. मी त्याला आधी घरी जाऊन सारे सांगायला लावले. वडील रागावले, दोन दिवस बोलले नाहीत; पण मुदत त्यांनी मागे घेतली नाही.

नव्या कागदावर आता दोनच ओळी आहेत. एक पर्युषणातली, दुसरी एका एकांकिकेतील पोस्टमनची. संवाद एकूण सात. प्रयोग रविवारी आहे. वडील येणार का, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘नक्की नाही. रविवारी गिऱ्हाईक जास्त असते. पण काल त्यांनी वेळ दोनदा विचारली.’