खडकवासल्याच्या मुली रानात राहतात तेव्हा

महाप्याहून आम्ही बोलतोय.

मुलींना आता एनडीएची परीक्षा देता येते, हे मागच्या एका भाषणात सांगितलं होतं. त्यावर तुमच्या गटांकडून प्रश्न आले, पण परीक्षेबद्दल एकही नव्हता. "रानात नेतात म्हणे, मग झोपायचं कुठं?" "पाळी आली तर?" "पोरांबरोबरच ठेवतात का?" "पाय मोडला तर घरी पाठवतात का?" बारावीतल्या मुलीचा अर्ज भरायचा की स्थळं बघायची, हे ज्या घरात यंदा ठरायचं आहे, तिथं हेच प्रश्न खरे. म्हणून आज एवढंच बोलू, की अधिकारी व्हायचं शिक्षण चालू असताना रानातले दिवस कसे जातात.

आमच्या गटात साताऱ्याकडच्या बऱ्याच जणी आहेत. तिकडं अपशिंगे गावाला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. म्हणजे फौज आपल्याला नवी नाही. पण आपल्या घरातून गेले ते बहुतेक जवान म्हणून, आणि गेले ते पुरुष. मुलगी जाणार आणि तीही अधिकारी व्हायला, हे नवं आहे.

थोडं मागचं सांगतो. 1992 पासून मुली फौजेत अधिकारी होऊ लागल्या, पण पदवी झाल्यावर, चेन्नईच्या अकादमीतून. तिथलं शिक्षण 49 आठवड्यांचं. साताऱ्याच्या शहीद कर्नल संतोष महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक तिथूनच 2017 मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. दोन मुलांची आई असताना. बारावीनंतरचं दार मात्र बंदच होतं. ते 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. 2022 साली पुण्याजवळच्या खडकवासल्याला, म्हणजे एनडीएत, पहिल्या मुली दाखल झाल्या आणि त्यातल्या 17 जणी 30 मे 2025 ला तीन वर्षं पुरी करून बाहेर पडल्या. प्रशिक्षण मुलांबरोबर, राहण्याची सोय वेगळी.

एनडीएत रोजचा दिवस वर्गाचा, कवायतीचा आणि खेळाचा असतो. अधूनमधून मात्र सगळ्यांना उचलून डोंगरात नेतात, त्याला कॅम्प म्हणतात. पहिल्याचं नाव ग्रीनहॉर्न, म्हणजे नवखा. पुढे रोव्हर, आणि शेवटी तोरणा. तोरण्याचं नाव का ठेवलं ते तुम्हाला सांगायला नको.

आता कॅम्पातला दिवस. तो पहाटे उजाडायच्या आधी सुरू होतो. अंधार आणि उजेड यांच्या मधल्या वेळेला शत्रू चालून येतो असं धरून सगळेजण बंदूक घेऊन आपापल्या मोर्चात सावध बसतात. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा तसंच. मोर्चा म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, ज्यात दोघं उभं राहून बंदूक चालवू शकतात. तो खणायचा कॅडेटनेच, कुदळ-फावड्यानं. मावळातला मुरूम कसा असतो, हे विहिरीच्या नाहीतर रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईला माहीत आहे. आमची अटकळ अशी, की शेतात वाढलेली मुलगी या कामात शहरातल्या मुलीपेक्षा मागं पडणार नाही.

मग चालणं. पाठीवर पिठ्ठू. त्यात अंथरूण, जादा कपडे, मोजे, खायचं. हातात चार-साडेचार किलोची बंदूक, आणि ती कुठंही टेकवून ठेवून विसरायची नाही. जेवताना, झोपताना, आडोशाला जाताना बंदूक कुठं आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे माहीत हवंच. ती हरवणं हा फार मोठा गुन्हा.

रात्री नकाशा आणि होकायंत्र देतात आणि सांगतात, अमक्या टेकडीवर पोचा. विजेरी लावायची नाही. अंतर मोजायचं ते पावलांनी. शंभर मीटरला आपली किती पावलं होतात हे आधी मोजून ठेवलेलं असतं. दर शंभराला एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचा. खडे मोजले की किती चाललो ते कळतं. हे आम्हाला फार आवडलं. शाळा न शिकलेल्या आपल्या आज्याही दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा ओढूनच ठेवायच्या की.

जेवण साधं. पुरी-भाजी बांधून देतात, नाहीतर लंगरातून येतं. पाणी बाटलीत मोजकं, ते थोडं थोडं प्यायचं. ओढ्याचं पाणी औषधाची गोळी टाकल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. झोप बुटक्या तंबूत किंवा ताडपत्रीखाली, तीही सलग नाही, कारण पाळीपाळीनं पहारा असतो. मध्येच उस्ताद, म्हणजे शिकवणारे सुभेदार-हवालदार, उठवतात आणि मुक्काम हलवायला सांगतात. शौचाला चर खणलेला असतो. वापर झाला की वर माती टाकायची.

पाळी आली तर? पॅड कोरडे राहावेत म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून पिठ्ठूत न्यायचे, वेळ मिळेल तेव्हा बदलायचे, वापरलेले कुठंही टाकायचे नाहीत. चालणं थांबत नाही. पण फार त्रास होत असेल तर सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं, तशी सोय असते. इथं "सांगायचं" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. कारण आमच्या मते आपल्या मुलींची खरी परीक्षा ओझ्यात किंवा चालण्यात नाही. ती या एका शब्दात आहे.

बघा, ओल्या मोज्यात दिवसभर चाललं की टाचेला फोड येतो. फोड आला त्या तासाला सांगितलं, तर पाय पुसायचा, पावडर लावायची, पट्टी चिकटवायची, मोजा बदलायचा. दहा मिनिटांचं काम. लपवला तर दुसऱ्या दिवशी तो फुटतो, तिसऱ्या दिवशी पिकतो, आणि मग ती मुलगी चालूच शकत नाही. तिचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर जातं. म्हणून तुकडीच्या प्रमुखानं मुक्कामावर पोचल्यावर सगळ्यांचे पाय बघायचे, ही फौजेतली जुनी रीत आहे. ही प्रमुखकी कॅडेटांमध्ये फिरती असते. आज एकीकडे, उद्या दुसऱ्याकडे. कोण जेवलं नाही, कुणाची बाटली रिकामी आहे, कोण लंगडतंय, हे तिनं विचारायचं. हुकूम देणं हा त्यातला छोटा भाग.

1932 साली देहरादूनच्या अकादमीचं उद्घाटन करताना सरसेनापती चेटवूड यांनी अधिकाऱ्याचा क्रम लावून दिला: आधी देश, मग हाताखालची माणसं, स्वतःची सोय सगळ्यात शेवटी. तो आजही तिथं पाठ असतो. हे ऐकून आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "यात शिकायचं काय? आपण सगळ्यांना वाढून मगच बसतो की." हशा पिकला. पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. शेवटी जेवणं वेगळं आणि उपाशी राहून गप्प बसणं वेगळं. चक्कर येऊन पडलेला प्रमुख तुकडीच्या काय कामाचा?

आपण मुलींना कष्ट शिकवले, आणि त्याबरोबर दुखणं गिळायलाही शिकवलं. इथं महाप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला बाया दहा-दहा तास उभ्या असतात. पाय सुजतात, पोटऱ्या भरून येतात. सुपरवायझरला कोण सांगणार, म्हणून दुपट्टा घट्ट बांधून पाळी संपवतात. घरी आल्यावरही सांगत नाहीत. लेकी ते बघतच मोठ्या होतात. अशी लेक कॅम्पात गेली, तर ती नडगीतली कळ चार दिवस लपवणार, हे आम्हाला जवळजवळ ठाऊकच आहे.

आणि नडगीचं दुखणं साधं नसतं. एकदम धावणं आणि ओझं वाढलं की हाडाला बारीक तडा जातो. फौजी शिक्षणात मुलींमध्ये याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळतं. सुरुवातीला विश्रांती दिली तर काही आठवड्यांत भरून येतं. चालत राहिलं तर हाड मोडतं. रक्त कमी असेल, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असेल, तर धोका वाढतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीच सांगते.

आता शेवटचा प्रश्न, जो विचारायला सगळ्या कचरत होत्या. पाय मोडला तर? उपचार फौजेच्या दवाखान्यात होतात, बहुतेक जण बरे होतात, काहींना मागच्या तुकडीत घालून सत्र पुन्हा करायला लावतात. पण फारच मोठी इजा झाली आणि डॉक्टरांनी अपात्र ठरवलं, तर घरी पाठवतात. आणि इजा कमिशन मिळायच्या आधीची असल्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, मिळते ती ठरावीक मासिक मदत. अशा मुलांच्या हालाची दखल सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून घेतली, त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेत घ्यायचं ठरलं. हे लपवून मुलीला धाडणं आम्हाला पटत नाही, आणि एवढ्यावरून तिला घरी बसवणंही पटत नाही. तिलाच हे सगळं वाचून दाखवा. ठरवू दे तिला.

जी म्हणेल "भरते अर्ज", तिच्यासाठी थोडं. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि लग्न झालेलं नसावं. मुलींना परीक्षेची फी नाही. सैन्यदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण गणिताचा पेपर सगळ्यांना असतो, आणि प्रश्न हिंदी-इंग्रजीत येतात, मराठीत नाही. जागा थोड्या: पहिल्या वर्षी 400 पैकी मुलींना 19. तयारीसाठी राज्य सरकारनं नाशिकला मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली आहे, तिची चौकशी दहावीतच करा.

आणि अभ्यासाला बसण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रातच मिळतात. जेवणात नाचणी, तीळ, शेवगा, जमेल तर अंडं. रोज सकाळी कोवळ्या उन्हात चालणं, आधी नुसतं, मग महिन्याभरानं पाठीवर थोडं वजन घेऊन, हळूहळू वाढवत. आमच्याकडच्या दोघी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्यानं चालायला लागल्या आहेत. घरी आल्या की त्यांच्या आया त्यांना बूट काढून टाचा दाखवायला लावतात. पहिले काही दिवस दोघी लाजल्या, आता स्वतःच पाय पुढे करतात.

पुढच्या भाषणात गणिताच्या पेपराबद्दल बोलू. तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा.