स्वप्नांमागचं रसायन

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते पडून असलो तरी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटाच फस्त करतो. हे इंधन जळतं तसं दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही!

गाढ झोपेत मेंदूचा ग्लुकोजवरचा खर्च बराच उतरतो. ठसठशीत स्वप्नांच्या ‘रेम’ झोपेत मात्र तो जागेपणाइतका चढतो. ही झोप १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी जगासमोर आणली. रेम झोपेत मेंदूतल्या निरोप्या रसायनांपैकी अ‍ॅसिटिलकोलिन भरपूर असतं, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन जवळजवळ गप्प. सकाळी स्वप्न निसटतं, त्याचं एक कारण बहुधा हेच.

गंमत म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनचं काम उलगडणारा बेडकाच्या हृदयावरचा प्रयोग शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांना झोपेतच सुचला, असं ते सांगत. पहिल्या रात्री खरडलेलं टिपण सकाळी त्यांनाच लागेना. दुसऱ्या रात्री उठून त्यांनी थेट प्रयोगशाळा गाठली. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं.