सात हाली, सहा कलदार

आमच्या परभणीकडच्या जुन्या माणसांना दोन रुपये ठाऊक होते. एक निजामाचा हाली आणि दुसरा इंग्रजी मुलखातला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ साली निजामाचे राज्य गेले आणि १९५९ साली हालीचे चलनही संपले. पण आमच्या आजोबांच्या तोंडून काही तो गेला नाही. कुणी कसलाही आकडा सांगितला की ते आधी विचारीत, "हाली की कलदार?" आम्ही नातवंडे तोंडावर हात धरून हसत असू.

हाच प्रश्न मला एकदा वेळेवर सुचला नाही, त्याची ही हकीकत.

माझी एक विद्यार्थिनी गंगाखेड तालुक्यातली, म्हणजे जनाबाईच्या मुलखातली. तिने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. म्हातारीला दम लागे. दोन ओव्या झाल्या की ती थांबे. असे करता करता महिना गेला. एका शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत हे सारे इंटरनेटवरून पाठवायचे होते. मुदत रात्री बारापर्यंतची. गावात रेंज नाही म्हणून मुलगी आमच्याकडे आली होती.

फायली ९०० 'एमबी'च्या; आमच्या लाइनीचा पाठवण्याचा वेग ४ 'एमबी'. मी तोंडी हिशेब केला. नऊशे भागिले चार, म्हणजे सव्वादोनशे सेकंद. "चार मिनिटांचे काम आहे, बाळ. आधी पोटभर जेव, अर्ज पुन्हा एकदा वाच," असे मी मोठ्या ऐटीत सांगितले. अकरा चाळीसला कळ दाबली. बारा वाजले तेव्हा जेमतेम दोन-तृतीयांश मजल झाली होती. तिकडचे दार मिटले. मुलगी एवढेच म्हणाली, "असू द्या, सर." त्या वर्षी वसतिगृहाचे पैसे तिच्या वडिलांनी उसने काढले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या एका शाळासोबत्याला गाठले. तो दूरसंचारात इंजिनियर आहे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मास्तर, फाईल मोजतात बाइटमध्ये आणि लाइन मोजतात बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. तुमच्या ९०० मेगाबाइटचे झाले ७,२०० मेगाबिट; त्याला चाराने भागा. अठराशे सेकंद, म्हणजे अर्धा तास! तुझ्या आजोबांनी आधी विचारले असते, हाली की कलदार?"

मी खजील झालो. ते पाहून तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या धंद्यातसुद्धा दोन शिक्के आहेत." आणि चहा निवेपर्यंत त्याने जे सांगितले ते मला इतके आवडले की वाचकांनाही सांगतो.

टेलिफोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. एक नमुना आठ बिटांचा, म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. अमेरिकेने अशा २४ संभाषणांची एक मोळी बांधली. तिचा वेग १.५४४ मेगाबिट. युरोपने ३२ कप्पे केले, त्यांतले ३० बोलण्यासाठी. त्या मोळीचा वेग २.०४८ मेगाबिट. आपण भारतीयांनी युरोपची मोळी उचलली.

पुढे काचेचा तंतू आला. केसासारख्या त्या तंतूतून प्रकाश धावू लागला आणि मोळ्यांचे भारे झाले. अमेरिकेच्या 'सॉनेट' पद्धतीचा मूळ भारा ५१.८४ मेगाबिटांचा, त्याला ओसी-१ म्हणतात. बाकीच्या जगाने 'एसडीएच' पद्धत घेतली, तिचा मूळ भारा एसटीएम-१, १५५.५२ मेगाबिटांचा. १९८८ साली आंतरराष्ट्रीय शिफारशी झाल्या तेव्हा एवढे शहाणपण राखले गेले की तीन अमेरिकन भारे बरोबर एका एसटीएमएवढे व्हावेत. म्हणून ओसीच्या आकड्याला तिनाने भागले की एसटीएमचा आकडा मिळतो. ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४, वेग ६२२.०८. ओसी-४८ म्हणजे एसटीएम-१६, वेग २,४८८.३२. ओसी-१९२ म्हणजे एसटीएम-६४, वेग ९,९५३.२८ मेगाबिट. इथे बट्टा नाही की तूट नाही.

"पण वेग सारखा म्हणून माल सारखा असे समजू नकोस," मित्र म्हणाला. एसटीएम-१ मध्ये युरोपच्या ६३ मोळ्या बसतात, म्हणजे १,८९० संभाषणे. तेवढ्याच वेगाच्या ओसी-३ मध्ये अमेरिकेच्या ८४ मोळ्या, म्हणजे २,०१६ संभाषणे. शिवाय हमाली आहेच. एसटीएम-१ ची चौकट २७० स्तंभांची. त्यांतले १० व्यवस्थेत जातात. १५५.५२ पैकी मालाला उरतात १४९.७६.

तंतू आता खेड्यांच्या वेशीवर आला आहे. ग्रामपंचायती जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिला 'भारतनेट' नाव मिळाले. पंचायतीला १०० मेगाबिट हे तिचे मूळ उद्दिष्ट. गावच्या शाळेने हा आकडा ऐकला की आठाने भागावे: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तेही हमाली धरून. आणि गंमत अशी की 'जीपॉन' पद्धतीत घराघरांकडे येणाऱ्या प्रवाहाचा वेगही २.४८८ गिगाबिट, म्हणजे तोच एसटीएम-१६ चा आकडा. मात्र तो सगळ्या घरांनी वाटून घ्यायचा असतो. पाटाचे पाणी जसे!

पुढच्या वर्षी त्या मुलीने पुन्हा अर्ज केला. या खेपेस मुदतीच्या दोन दिवस आधी. मी आपला सवयीने म्हणालो, "फार वेळ नाही लागायचा."

तिने वर पाहिले आणि नम्रपणे विचारले, "सर, बिट की बाइट?"

या वेळी मी हसलो नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.