तण काढता काढता सापडलेला प्रश्न

संशोधनाचा प्रश्न कुठून आणायचा, असं ज्युनिअर्स विचारतात तेव्हा मी त्यांना शिकागोची गोष्ट सांगते.

1977 साली स्टीव्ह पॅकार्ड आणि काही स्वयंसेवकांनी शिकागो नदीच्या उत्तर फाट्यालगतच्या राखीव जागांची देखभाल सुरू केली. काम साधंच. युरोपातून आलेलं बकथॉर्न झुडूप तोडायचं, प्रेअरीतल्या, म्हणजे तिथल्या गवताळ रानातल्या, वनस्पतींचं बी गोळा करायचं आणि पेरायचं. पॅकार्ड काही पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते.

पण ओकच्या विरळ सावलीत प्रेअरीचं बी नीट जीव धरेना. तग धरून होत्या त्या भलत्याच जाती: धड उघड्या गवताच्या नाहीत, धड दाट जंगलाच्या नाहीत. मग इथे मुळात होतं काय? तुलना करायला तशी शाबूत जागा जवळपास उरलीच नव्हती.

धागा मिळाला 1846 सालच्या एका यादीत. इलिनॉयमधल्या मीड नावाच्या डॉक्टरांनी वनस्पतींची नावं छापली होती, आणि कोणती कुठे वाढते हेही नोंदवलं होतं. त्यात ‘बॅरन्स’, म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान, हा वेगळा प्रकार होता. कोड्यात टाकणाऱ्या जाती नेमक्या तिथे! पॅकार्ड यांनी 1988 मध्ये यावर लेख लिहिला.

आता तुम्ही परीक्षक असाल तर विचाराल: मीड राज्याच्या पार पश्चिमेकडचे, त्यांची यादी शिकागोला कशी लावता? पुढे अभ्यासकांनी आक्षेप घेतलेच. आणि वाद कागदावर राहिला नाही. झाडं तोडणं आणि गवत पेटवणं पाहून रहिवासी भडकले, 1996 मध्ये कुक काउंटीने काम थांबवलं. स्वयंसेवकाच्या हातात कोयता असतो, त्यामुळे ‘मूळ’ काय याचं उत्तर चुकलं तर जिवंत झाड जातं. माझ्या मते परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा हे जास्त जड आहे.

आपल्याकडे उलट आहे, हातात रोप असतं. पावसाळा आला की माळावर खड्डे खणतो, जणू तिथे जंगलच असायला हवं होतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातली ही विरळ झाडांची गवताळ रानं शतकानुशतकं जुनी असल्याचं दिसलं. पुरावा पुन्हा जुन्या कागदांतच!

तुम्ही रविवारी एखाद्या टेकडीवर श्रमदानाला जात असाल तर वही न्या. जातीच्या नावापुढे तारीख आणि जागा लिहा: कातळ, ओढाकाठ, उघडं गवत. काय रुजलं नाही तेही लिहा, ते सहसा कोणीच लिहीत नाही.