आधी जमीन पाहा, मग रोप आणा

मंडळी, पीक चुकले तर एक हंगाम जातो. फळझाड चुकले तर चार-पाच वर्षे जातात. संत्र्याचे झाड फळाला येते तेच मुळी पाचव्या वर्षाच्या सुमारास. तेव्हा परसात काय लावायचे, हे जमिनीलाच विचारावे.

कसे विचारायचे? दोन-अडीच फूट खोल खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरा, ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच दिसले, तर तेथे संत्रा लावू नये. काळ्या चिकण मातीत पाणी तुंबते, मुळे कुजतात आणि बुंध्यातून डिंक गळू लागतो. हाच तो डिंक्या रोग. अशा जागी पेरू किंवा जांभूळ बरे. उलट जमीन बरड, मुरमाड असेल तर सीताफळ, बोर, आवळा लावा. पाणी जिरणारी मध्यम काळी जमीन असेल, तर खुशाल संत्रा लावा.

संत्र्याचे कलम जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. हा डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच असावा आणि लावताना मातीत मुळीच गाडू नये. खुंटावर फुटवे आले तर ते वेळीच काढावेत. दोन झाडांत १८ ते २० फूट अंतर ठेवा. खात्रीची कलमे कोठे मिळतील, हे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारता येईल.

आता फुलांचे कंद. ट्यूलिपचे चित्र पाहून मन मोहते खरे. पण त्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. आपला हिवाळा तेवढा लांब नाही, आणि उन्हाळ्यात तर पारा ४५ अंशांवर जातो. त्यापेक्षा आपला निशिगंध बरा! उन्हाळ्यात कंद लावले की तीन-चार महिन्यांत फुलांचे दांडे येतात आणि तीच लावण दोन-तीन वर्षे चालते. रंग हवे असतील तर पाऊस सरल्यावर ग्लॅडिओलस लावा; तो थंडीत फुलतो. पाने पिवळी पडली की कंद काढून सावलीत सुकवावेत.

मात्र एक गोष्ट विसरू नका. कंदांचा वाफा संत्र्याच्या आळ्यात करू नये. आंबिया बहरासाठी डिसेंबरात झाडाचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो. त्याच दिवसांत ग्लॅडिओलसला पाणी हवे असते. एकाला जगवायला जावे, तर दुसऱ्याचा बहर हुकतो. वाफा वेगळा ठेवला की दोघांचेही भागते.

गुरुजींनी ही खड्ड्याची परीक्षा मुलांकडून जरूर करून घ्यावी. फक्त रोप निवडताना आठवण ठेवावी की, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत पाणी घालायला कोणी नसते. तेथे सीताफळासारखे काटक झाडच बरे. पहिले दोन उन्हाळे मात्र त्याच्याही पाण्याच्या पाळ्या गावात वाटून द्याव्यात.