हळू वल्हवायला शिकताना

रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली दत्तू भोकनळने रोइंगमधल्या एकेरी स्कल्सची आपली शेवटची, क्रमवारी ठरवणारी शर्यत 6 मिनिटं 54.96 सेकंदांत जिंकली आणि एकूण क्रमवारीत तो तेरावा आला. अंतर 2000 मीटर. म्हणजे दर 500 मीटरला सरासरी पावणेदोन मिनिटांच्याही आत. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, कायम पाण्याची ओढाताण असलेलं. हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचा. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्याच्या खडकीत बॉम्बे सॅपर्समध्ये असताना त्याची उंची पाहून त्याला रोइंगकडे वळवण्यात आलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. दापोडीच्या आर्मी रोइंग नोडमध्ये तो घडला, आणि चारच वर्षांत ऑलिंपिकला पोचला.

सात मिनिटांची ही शर्यत पाहणाऱ्याला निव्वळ ताकदीचा खेळ वाटते. शरीराच्या आतला हिशेब वेगळा आहे. 2000 मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे तीन चतुर्थांश वाटा प्राणवायूच्या जोरावर तयार होतो. म्हणूनच जगभरचे रोइंगपटू वर्षातला बहुतेक वेळ शर्यतीच्या वेगाने वल्हवतच नाहीत. ते तास-दीड तास आरामात, बोलता येईल इतक्या वेगाने वल्हवतात. आणि हा आराम खरोखर आरामच आहे ना, हे छातीवरच्या, ठोके मोजणाऱ्या पट्ट्याकडून तपासून घेतात.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटाहून दापोडी सहाशे किलोमीटरहून लांब. वरूड-मोर्शीचा हा पट्टा संत्र्यांमुळे विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून ओळखला जातो, पण इथलं भूजल इतकं खोल गेलंय की बागेला पाणी पुरवणं हीच मोठी कसरत आहे. रोइंग मशीनला मात्र ना नदी लागते ना धरण. सरकती बैठक, साखळीला जोडलेलं हँडल, पुढे जाळीत फिरणारं पंख्याचं चाक, आणि डोळ्यांसमोर एक छोटा पडदा, एवढंच त्याचं सामान. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी 1976 साली कॉन्सेप्ट टू ही कंपनी वल्ही बनवण्यासाठी काढली आणि 1981 मध्ये पहिलं मशीन बाजारात आणलं. आज रोइंगच्या जगात ‘एर्ग’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच मशीन येतं.

त्यावर पहिल्यांदा बसलेला माणूस हमखास हातांनी ओढतो. खरं काम पायांचं असतं. गुडघे मुडपून पुढे यायचं, पायांनी पाटा दाबत मागे सरकायचं, पाय सरळ होत आले की कंबरेतून थोडं मागे झुकायचं आणि सगळ्यांत शेवटी हात बरगड्यांशी आणायचे. परतताना क्रम उलटा: आधी हात, मग पाठ, मग गुडघे. ओढायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ परतायला घ्यायचा. हा परतीचा वेळ हीच स्नायूंची विश्रांती, आणि नवखा माणूस नेमका तोच कापतो.

दुसरा गैरसमज डँपरचा. चाकाशेजारी 1 ते 10 आकड्यांची खुंटी असते आणि जिममध्ये ती बहुतेक वेळा 10 वर सापडते. ती खुंटी किती हवा आत घ्यायची तेवढंच ठरवते. व्यायामाचा जोर ठरतो तो ओढण्यावर. अनेक मुरलेले रोइंगपटू 3 ते 5 च्या दरम्यान वल्हवतात. वऱ्हाडात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: जाळीत धूळ आणि तंतू अडकले की हवा कमी शिरते आणि त्याच आकड्यावर मशीन हलकं लागू लागतं. जाळी अधूनमधून साफ करावी लागते.

आता पडद्यावरचा आकडा. 500 मीटरला लागणारा वेळ, म्हणजे स्प्लिट, तिथे दिसत राहतो. स्प्लिट आणि ताकद यांचं नातं मात्र सरळ नाही. 2 मिनिटं 30 सेकंदांच्या स्प्लिटला साधारण 104 वॅट लागतात, तर 2 मिनिटांच्या स्प्लिटला 203. वेळ फक्त पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण मेहनत जवळपास दुप्पट झाली. पडद्यावर पाच सेकंद वाचवायला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत का फाफलतो, याचं उत्तर या गणितात आहे. हृदयाला ते पहिल्यांदा कळतं.

समजा, शेंदूरजनाघाटातला चाळीस वर्षांचा एक संत्रा बागायतदार या मशीनवर बसला आहे. त्याचे ठोके जास्तीत जास्त किती जातील? सगळ्यांना ठाऊक असलेलं सूत्र म्हणजे 220 वजा वय. हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दुसरं सूत्र मांडलं: 208 वजा वयाच्या 0.7 पट. चाळिशीत दोन्ही सूत्रं 180 वरच येतात. साठीत मात्र पहिलं 160 सांगतं आणि दुसरं 166. दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली सहज असू शकतो.

रोइंगमध्ये एवढ्यावर भागत नाही. फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांनी 1957 मध्ये दाखवलेली रीत इथे वापरतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायची. आपल्या बागायतदाराची ती 64 आहे असं धरू. 180 मधून 64 वजा केले की 116 उरतात. ही त्याच्या हृदयाची शिल्लक. तिच्या 55 ते 70 टक्क्यांत पुन्हा 64 मिळवले की 128 ते 145 असा पट्टा निघतो. रोइंगच्या भाषेत हा ‘यूटी टू’, लांब आणि संथ सरावाचा. त्याच्या वर 157 पर्यंत यूटी वन, 163 पर्यंत उंबरठ्याचा एटी, 174 पर्यंत टीआर, आणि त्यापुढे शर्यतीच्या शेवटच्या झटक्याचा एएन.

इथे एक सापळा आहे. अनेक घड्याळं झोन काढताना सकाळची नाडी विचारात घेत नाहीत; थेट 180 चे टक्के काढतात. त्या हिशेबाने 60 ते 70 टक्क्यांचा ‘झोन टू’ 108 ते 126 निघतो. माणूस तोच, पट्ट्याचं काम तेच, आणि आकड्यांत जवळपास वीस ठोक्यांची तफावत. कुणाचा तक्ता वापरतो आहोत हे आधी ठरवावं आणि मग त्याच एका तक्त्याला धरून राहावं. ठोके मोजायलाही मनगटावरच्या घड्याळापेक्षा छातीचा पट्टा बरा. वल्हवताना मूठ आवळलेली असते, मनगट हलत असतं, आणि त्वचेवरून प्रकाशाने वाचणारं घड्याळ त्यात गोंधळतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, फक्त लावण्याआधी तो पाण्याने ओला करायला हवा.

मशीनवर प्रत्यक्ष काय घडतं? मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोक, स्प्लिट 2 मिनिटं 25 सेकंद, म्हणजे 115 वॅट. पहिली दोन-तीन मिनिटं ठोक्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोटर सुरू केल्यावर शेवटच्या सरीत पाणी पोचायला जसा वेळ लागतो, तसाच हृदयालाही लागतो. दहाव्या मिनिटाला आकडा 132 वर स्थिरावतो. श्वास खोल पण सलग, पूर्ण वाक्य बोलता येतं. मग वेग तोच ठेवूनही पस्तिसाव्या मिनिटाला आकडा 146 वर गेलेला दिसतो. पायांना काहीच वेगळं जाणवलेलं नसतं.

यामागचं कारण घाम. घामाबरोबर रक्तातलं पाणी कमी होतं. अंग थंड ठेवायला बरंचसं रक्त त्वचेकडे वळतं. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं, आणि तेवढाच पुरवठा टिकवायला हृदय जास्त वेळा धडधडतं. पारा 45 अंशांकडे जाणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या मे महिन्यात ही चढण फार लवकर सुरू होते. जानेवारीतला स्प्लिट मेमध्ये गाठायचा हट्ट धरणारा माणूस संथ सरावाच्या नावाखाली उंबरठ्याचा सराव करत असतो. अशा दिवशी ऐकायचं ते छातीच्या पट्ट्याचं. स्प्लिट 2 मिनिटं 35 सेकंदांवर, म्हणजे 94 वॅटवर, सोडून द्यायचा. समोर पंखा, हाताशी पाणी, आणि वेळ पहाटेची. वीस वॅट सोडून देणं मनाला लागतं, पण सरावाचा फायदा तिथेच आहे.

संथ सरावाने खरंच वेग वाढतो का, याचं उत्तर नॉर्वेने दिलं आहे. फिस्कर्स्ट्रँड आणि स्टीफन सायलर यांनी 1970 ते 2001 या काळातल्या नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय रोइंगपटूंचा सराव तपासला आणि तो अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. या तीस वर्षांत हलक्या सरावाचे तास महिन्याला 30 वरून 50 वर गेले, तर शर्यतीच्या किंवा त्याहून तीव्र वेगाचे तास 23 वरून सातेकांवर आले. मशीनवरच्या सहा मिनिटांच्या चाचणीतली कामगिरी जवळजवळ 10 टक्क्यांनी सुधारली. दिवसाला दोन वेळा सराव करणाऱ्या खेळाडूंचे हे आकडे आठवड्याला तीन तास काढणाऱ्या माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण अशा माणसानेही तीनांतले दोन दिवस संथ ठेवावेत. नाहीतर तो रोज मधल्याच पट्ट्यात अडकतो: दमतो पुरेसा, सुधारत मात्र नाही.

अमरावती जिल्ह्याला व्यायामाचं वेड जुनं आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये उभं केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. अंग मोडेपर्यंत मेहनत करण्याला इथे मान आहे, आणि तो असायलाच हवा. त्या मेहनतीच्या जोडीला हळू वल्हवण्याची शिस्त आली, तर ती जास्त वर्षं टिकेल.

ठोक्यांना मर्यादाही आहेत. अर्ध्या-एक मिनिटाच्या जोरदार तुकड्यांत ते काहीच सांगत नाहीत. आकडा वर पोचेपर्यंत तुकडा संपलेला असतो. तिथे वॅट पाहावेत. उलट सकाळची नाडी खूप काही सांगते. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर असेल तर झोप अपुरी झालेली असते, थकवा साचलेला असतो किंवा ताप येऊ घातलेला असतो. 2018 च्या आशियाई स्पर्धेत दत्तू एकेरीच्या अंतिम फेरीत आजारपणामुळे मागे पडला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकलं. तो सैनिक होता, देशासाठी पाण्यात उतरला होता. घरच्या मशीनवर बसणाऱ्याने तापात विश्रांती घ्यावी.

शेवटची गोष्ट जिवाशी निगडित आहे. मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती ठोके दाबून ठेवते आणि वर दिलेलं एकही सूत्र त्या माणसाला लागू पडत नाही. त्याने आकडा सोडून बोलता येण्याची कसोटी धरावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात हृदयविकार आहे त्यांनी पट्टा विकत घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. वल्हवताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर हँडल तिथेच सोडावं आणि थेट दवाखाना गाठावा.